प्रयोगवही कुठे गेली?

दरवर्षी फेब्रुवारी उजाडला, की विज्ञान दिनाला मुलांना कोणता चित्रपट दाखवावा याची चर्चा आम्हां डोंबिवलीच्या काही विज्ञान शिक्षकांत सुरू होते आणि दरवर्षी कोणीतरी 'एक डॉक्टर की मौत' हेच नाव घेते. तपन सिन्हा यांचा हा हिंदी चित्रपट १९९० सालचा. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने तो काढला. चित्रपटाला, दिग्दर्शकाला आणि पंकज कपूर यांच्या अभिनयाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. संशोधकाला नायक करणारे चित्रपट आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके थोडे. तेव्हा हा मुलांना दाखवावासा वाटणे स्वाभाविक आहे, आणि तो दाखवावा याच मताचे आम्हीही आहोत. मात्र चित्रपट संपला, पडदा गुंडाळला आणि मुलांना घरी पाठवले, असे केले तर विज्ञानाबद्दल एक भलतीच समजूत घेऊन मुले घरी जातील, अशी आमची तक्रार आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. डॉ. दीपंकर रॉय हे सरकारी नोकरीतले डॉक्टर. नोकरी सांभाळून, रात्रीचा दिवस करून ते कुष्ठरोगावरील लस शोधून काढतात. बातमी दूरदर्शनवर झळकते आणि तिथूनच त्यांचे ग्रह फिरतात. वरिष्ठ खुलासे मागवतात, समव्यावसायिकांना पोटशूळ उठतो, परदेशी संस्थेने पाठवलेले पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचू दिले जात नाही, दूरच्या खेड्यात बदली होते. आणि अखेर त्याच शोधाचा मान दोन अमेरिकी संशोधकांना मिळाल्याची बातमी येते. पत्नीच्या भूमिकेत शबाना आझमी आहेत आणि डॉक्टरांची बाजू मांडणाऱ्या पत्रकाराच्या भूमिकेत, तेव्हा फारसे कोणाला माहीत नसलेले, इरफान खान.

घरातले प्रसंग फार चांगले आहेत. संशोधनाची किंमत संशोधकापेक्षा त्याच्या घरच्यांना जास्त मोजावी लागते, हे शबाना आझमी यांच्या चेहऱ्यावरून जितके कळते तितके दहा व्याख्यानांतून कळणार नाही. कचेरीतला अपमानही खरा वाटतो. सरकारी खात्यात ज्यांनी एखादा अर्ज पुढे सरकवण्याची खटपट केली आहे, त्यांना तो ओळखीचा वाटेल. उणीव आहे ती प्रयोगशाळेत. आपल्या लशीबद्दल डॉक्टर रॉय यांना खात्री आहे. पण ती खात्री त्यांना कशाने झाली, हे प्रेक्षकाला कळत नाही. ते खरे बोलत आहेत हे आपण मानतो, कारण ते तळमळीने बोलतात आणि त्यांचे विरोधक खुनशी आहेत. नाटकात एवढे पुरते, विज्ञानात पुरत नाही.

हा दोष थोडा उकलून पाहिला पाहिजे. चित्रपटाचा आधार रमापद चौधुरी यांची 'अभिमन्यू' ही बंगाली कथा आणि तिच्यामागे कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचे आयुष्य. मुखोपाध्यायांचा शोध लशीचा नव्हता. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात एक मुलगी जन्मली. स्त्रीबीज व शुक्रपेशी यांचा संयोग शरीराबाहेर, काचपात्रात घडवून तिचा जन्म झाला आहे, असे मुखोपाध्याय आणि त्यांचे दोन सहकारी, सुनीत मुखर्जी आणि सरोजकांती भट्टाचार्य, यांनी जाहीर केले. वृत्तपत्रांनी तिला 'दुर्गा' म्हटले. जगातील पहिली अशी मुलगी, इंग्लंडमधील लुईस ब्राउन, २५ जुलै १९७८ ची. म्हणजे दोघींत अवघे ७० दिवसांचे अंतर. चित्रपटाने या मुलीच्या जागी लस ठेवली.

दिग्दर्शकाला तसे स्वातंत्र्य आहे, असे कोणी म्हणेल. आहेच. पण या अदलाबदलीत शास्त्राची मोठी गफलत झाली. काचपात्रातील फलनाने मूल होऊ शकते, हे सिद्ध करायला तत्त्वतः एक मूल पुरे. लशीचे तसे नाही. त्यातही कुष्ठरोगाची लस म्हणजे सर्वांत चिकाटी पाहणारे प्रकरण. आपल्या आतड्यातील ई. कोलाय हा जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. कुष्ठरोगाच्या जीवाणूला त्यासाठी बारा ते चौदा दिवस लागतात, आणि काचेच्या बशीत तर तो आजही वाढवता आलेला नाही. लागण झाल्यापासून रोग दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. अशा रोगावरील लस लागू पडते की नाही, हे कोणत्याही रात्री कोणत्याही घरात कळणे शक्य नाही.

याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात १९५८ साली एका कुष्ठरुग्णाच्या शरीरातील उतीपासून एक जीवाणू वेगळा करण्यात आला. पुढे त्यापासून लस तयार झाली आणि केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'आयसीआरसी' हे नाव पडले. तामिळनाडूत चेंगलपट्टू भागात १९९१ पासून सुमारे १ लाख ७१ हजार लोकांना वेगवेगळ्या लशी किंवा नुसते मिठाचे पाणी टोचून तुलना करण्यात आली. कोणाला काय टोचले हे तपासणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाला: आयसीआरसी लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण मिळाले. जीवाणू हाती आल्यापासून हा आकडा हाती येईपर्यंत चाळीस वर्षे गेली. यात खलनायक कोणी नव्हता. रोगच तसा होता.

लशीमुळे दुसरीही एक गोष्ट चित्रपटातून निसटली आणि शिक्षकांच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. मुखोपाध्यायांच्या विरोधकांत मत्सर होता, अज्ञानही होते. पण त्यांचा पुरावा लोकांपुढे येऊ शकला नाही त्याचे एक कारण लाज हेही होते. मूल होत नाही ही गोष्ट चारचौघांत सांगायची नसते, आणि ते काचपात्रातून झाले ही तर नाहीच नाही, असे मानणाऱ्या समाजातील ते आईवडील. त्यांना नाव जाहीर व्हायला नको होते, आणि डॉक्टरांनी ती इच्छा पाळली. शोधाचा सर्वांत मोठा पुरावा पाळण्यात होता, तरी तो दाखवता येत नव्हता. ती मुलगी आपणहून लोकांपुढे आली ती २००३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी.

स्त्रीबीज, गर्भाशय, वीर्य हे शब्द लस या शब्दाआड गेले, की कथा सहकुटुंब पाहण्यासारखी होते. आमचा आक्षेप यालाच आहे, आणि तो केवळ चित्रपटावर नाही. राज्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या २०१८ सालच्या पुस्तकात प्रजननसंस्था आहे आणि काचनलिकेतील फलनही आहे. पण हा पाठ "घरी वाचून या" असे सांगून संपवणारे वर्ग ठाणे-कल्याण-डोंबिवलीत किती असतील, हे वाचकांनी आपापल्या शाळेपुरते मनाशी मोजावे. ताकाला जाऊन भांडे लपवायचे हीच रीत आपणही पाळत असू, तर तपन सिन्हांना एकट्याला बोल का लावा?

तेव्हा मुखोपाध्यायांनी प्रत्यक्षात काय केले, ते वर्गात सांगावे. चित्रपटातील कोणत्याही प्रसंगापेक्षा ते रंजक आहे. स्त्रीबीज ही मानवी शरीरातील सर्वांत मोठी पेशी. तिचा व्यास सुमारे एक दशांश मिलिमीटर. बॉलपेनचा बारीक ठिपका कागदावर काढला, तर त्यात अशी कित्येक बीजे मावतील. शुक्रपेशीचे डोके याहूनही वीस पटींनी लहान. एरवी स्त्रीच्या शरीरात महिन्याला साधारण एकच बीज पक्व होते. लुईस ब्राउनच्या वेळी इंग्रज डॉक्टरांनी त्या एकाच बीजावर भिस्त ठेवली होती आणि पोटात दुर्बीण घालून ते मिळवले होते. मुखोपाध्यायांनी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे पक्व केली आणि ती योनिमार्गाने काढली. इथे नवी अडचण आली. संप्रेरकांच्या माऱ्यामुळे त्या महिन्यात गर्भाशयाचे अस्तर भ्रूण रुजायला योग्य राहत नाही. मग भ्रूण कुठे ठेवायचे? त्यांनी ते गोठवले, ५३ दिवस तसेच ठेवले आणि पुढच्या, औषधे न दिलेल्या पाळीचक्रात गर्भाशयात सोडले.

गोठवणे हा शब्द सोपा, काम अवघड. पाण्याने काठोकाठ भरलेली काचेची बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर सकाळी ती फुटलेली सापडते, हे मुलांना माहीत असते. पाण्याचा बर्फ होताना आकारमान वाढते. पेशीत बहुतांश पाणीच असते. शिवाय बर्फाचे स्फटिक टोकदार असतात आणि पेशीचे पटल अतिशय नाजूक. म्हणून पेशीतील बरेचसे पाणी आधी बाहेर काढून त्याजागी स्फटिक होऊ न देणारे द्रव्य शिरवावे लागते. मुखोपाध्यायांनी डायमिथिल सल्फॉक्साइड वापरले. अतिथंड तापमानाचे तंत्र डॉक्टरांच्या आवाक्यातले नव्हते. ते सुनीत मुखर्जींकडून आले आणि मुखर्जी अन्नतंत्रज्ञान जाणणारे अभियंते होते! या कामाचा छोटा अहवालही १९७८ सालीच 'इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्स' या नियतकालिकात आला. शीततंत्राचे ते नियतकालिक किती स्त्रीरोगतज्ज्ञ वाचत असतील, हा भाग वेगळा. गोठवलेल्या भ्रूणापासून जन्मलेले, साऱ्या जगाने मान्य केलेले मूल ऑस्ट्रेलियातले, १९८४ सालचे. बीजे वाढवण्यासाठी संप्रेरके, योनिमार्गाने बीज काढणे आणि भ्रूण गोठवणे या तिन्ही गोष्टी आज वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या केंद्रांत नेहमीच्या झाल्या आहेत.

पश्चिम बंगाल सरकारने नोव्हेंबर १९७८ मध्ये चौकशी समिती नेमली. अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते. समितीने दावा अविश्वसनीय ठरवला. जपानला जाऊन आपले काम मांडण्याची परवानगी डॉक्टरांना मिळाली नाही. जून १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्ररोगविषयक संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. हा अन्याय होता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तपासणी झाली यात मात्र अन्याय नव्हता. ती ज्यांना विषय कळत नव्हता त्यांच्या हाती दिली, यात होता. चित्रपट पाहून मुलांना हा फरक कळत नाही. त्यांना वाटते, शंका घेणारा प्रत्येक जण दुष्टच असतो.

हा फरक ज्यांच्यामुळे नीट कळतो, त्यांच्यासाठी डोंबिवलीहून तासाभराच्या लोकल प्रवासाने परळला जायला हवे. केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी एक मुलगी जन्मली आणि तिची नोंद भारतातील पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी' अशी झाली. हे काम केईएममधील डॉ. इंदिरा हिंदुजा आणि जवळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे. ही संस्था भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची; आज ती राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. अकरा वर्षे पहिलेपणाचा हा मान परळकडे राहिला. १९९७ साली आनंद कुमार मुखोपाध्यायांच्या नावाचे व्याख्यान देण्यासाठी कोलकात्यास गेले असताना, मुखोपाध्यायांची टिपणे व कागदपत्रे त्यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने वाचली, सुनीत मुखर्जींशी बोलले आणि त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये लेख लिहून सांगितले, की भारतातील पहिल्या अशा बालकाचे श्रेय सुभाष मुखोपाध्यायांचे आहे.

आपला मान जाणार हे कळत असूनही त्यांनी हे लिहिले, म्हणून त्यांचा मोठेपणा आपण मानतोच. पण शिक्षक म्हणून आम्हांला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की त्यांना वाचायला काहीतरी होते. कोणते संप्रेरक दिले, बीज कसे काढले, भ्रूण किती दिवस ठेवले, हे कोणीतरी त्या वेळी लिहून ठेवले होते. सरकारी समितीनेही काही पाहिले. आनंद कुमारांनी पाहिले, तेव्हा त्यांना त्या नोंदींतील प्रत्येक पायरीचा अर्थ लागत होता, कारण त्या पायऱ्या ते स्वतः चढले होते. मरणोत्तर न्याय मिळाला तो वहीमुळे आणि ती वाचू शकणाऱ्या प्रतिस्पर्ध्यामुळे. चित्रपट १९९० चा. ही गोष्ट त्यानंतर सात वर्षांनी घडली. तेव्हा ती चित्रपटात नाही याचा दोष कोणाला देता येत नाही. आज तो दाखवताना मात्र ती वगळणे बरे नव्हे.

दुरुस्ती म्हणजे अपमान नव्हे, हे दाखवणारे दुसरे उदाहरणही त्याच संस्थेत मिळते आणि त्यावर कोणी चित्रपट काढण्याची शक्यता नाही. डॉ. ए. आर. शेठ आणि त्यांचे सहकारी वीर्यद्रवातील एका प्रथिनावर काम करत होते. शुक्रपेशींच्या निर्मितीशी संबंध असलेल्या एका संप्रेरकाला आवर घालणारे 'इन्हिबिन' ते हेच, असे त्यांना वाटत होते. १९८४ साली परळ आणि कॅनडातील माँट्रियल येथील संशोधकांनी मिळून त्यातील ९४ अमिनो आम्लांचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी डुकराच्या बीजांडकोशातील इन्हिबिनची रचना दुसऱ्यांनी उलगडली. ती अगदीच निराळी निघाली. परळच्या प्रथिनाचे 'इन्हिबिन' हे नाव गेले. ते मुख्यतः पुरःस्थ ग्रंथीत, म्हणजे प्रोस्टेटमध्ये, तयार होते, म्हणून 'पीएसपी-९४' या नावाने ते ओळखले जाऊ लागले. पण ९४ आम्लांचा क्रम बरोबरच होता. आणि पुढे दिसून आले, की प्रोस्टेटच्या कर्करोगात या प्रथिनाचे प्रमाण घटते. त्याच्या जनुकाजवळच्या एका फरकाचा या कर्करोगाच्या धोक्याशी संबंध असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. नाव चुकले, मोजमाप टिकले. आता डोंबिवलीत कोणत्याही रस्त्यावरच्या रक्ततपासणी केंद्रात 'पीएसए' नावाची प्रोस्टेटची तपासणी होते. ते वेगळे प्रथिन, पण त्याच ग्रंथीचे. त्याचा आकडा वाढला की घरात रडारड सुरू होते; पण वयानुसार ग्रंथी नुसती वाढली किंवा तिला जंतुसंसर्ग झाला तरीही तो वाढतो. एका आकड्यावर निकाल लावायचा नसतो, हे दहावीत शिकून गेलेल्या मुलाला पुढे आजोबांचा अहवाल हाती धरताना उपयोगी पडेल.

२०२० च्या साथीत विषाणूच्या तपासणीचे नाव लहान मुलांच्याही तोंडी झाले होते. देशातील पहिल्या रुग्णाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत तपासला गेला. ३० जानेवारी २०२० रोजी निदान जाहीर झाले. या तपासणीतील एक बारकावा आम्ही वर्गात आवर्जून सांगतो. रुग्णांच्या नमुन्यांच्या नळ्यांबरोबर एक नळी नुसत्या शुद्ध पाण्याची लावतात आणि एकीत विषाणूचा अंश मुद्दाम घातलेला असतो. पाण्याच्या नळीत विषाणू 'सापडला' किंवा दुसरीत सापडला नाही, तर त्या खेपेचे सगळे निकाल रद्द. म्हणजे तंत्रज्ञ रुग्णाआधी स्वतःवर शंका घेतो, आणि तीही रोज. डॉक्टर रॉय यांच्या प्रयोगशाळेत आम्हांला अशी पाण्याची नळी कुठे दिसली नाही.

शाळेत तरी ती कुठे असते? आपल्याकडे प्रयोगवही म्हणजे गेल्या वर्षीच्या मुलाच्या वहीवरून दिवाळीनंतर एका बैठकीत उतरवलेली, तपकिरी कव्हर घातलेली, खाडाखोड नसलेली वस्तू. सर्वांचे निरीक्षण एकच, सर्वांचा निष्कर्ष एकच, आणि सही करणाऱ्यालाही ते ठाऊक. अशा वह्या तपासणाऱ्या आपण मुलांना मुखोपाध्यायांची गोष्ट सांगणार, तर आधी वहीकडे पाहायला हवे.

म्हणून आमची सूचना अशी. चित्रपट दाखवा, दोन तासांचा आहे, दोन दिवसांत विभागून दाखवा. मग मुलांना फळ्यावर दोन रकाने करायला सांगा: डॉक्टर रॉय यांच्यावर आपला विश्वास कशामुळे बसला आणि कशामुळे बसायला हवा होता. पहिला रकाना भराभर भरतो. दुसऱ्यापाशी वर्ग थबकतो, आणि तिथेच कोलकात्याची व परळची हकिगत सांगायची. प्रजननाचा पाठ त्याच आठवड्यात घेता आला तर उत्तम, कारण मग बीजाचा आकार, संप्रेरके आणि गोठवणे हे सगळे प्रश्न मुले आपणहून विचारतात आणि लाजायला फुरसत उरत नाही.

वह्यांपुरते यंदा आम्ही एवढे केले, की डावीकडील कोऱ्या पानावर, आकृतीच्या खाली, त्या दिवशी प्रत्यक्ष जे दिसले ते पेन्सिलने लिहायचे आणि ते खोडायचे नाही, असे ठरवले. किण्वपेशींच्या मुकुलायनाच्या प्रयोगात एका मुलीने डाव्या पानावर लिहिले आहे: "पाणी जास्त गरम झाले. मुकुले दिसली नाहीत. दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात केले, दोन पेशींना दिसली." उजव्या पानावर नेहमीचा निष्कर्ष आहे. या वहीला किती गुण द्यावेत, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.